‘विशेष काही नाही’ याच्या पुढचे वाक्य

प्रिय वाचक मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी शांतपणे दोनदा वाचले. त्यातला प्रश्न इतरही अनेकांच्या मनात असणार, म्हणून आधी त्याचा सारांश देते. तुम्ही पाच जणी वसतिगृहातल्या मैत्रिणी, आता पाच ठिकाणी विखुरलेल्या. थंडीच्या दिवसांत तुमच्यातले बोलणे दर वर्षी आटते आणि थंडी ओसरू लागली की कुणीतरी ‘कशा आहात सगळ्या?’ असे विचारते. मग बातम्यांची एक फेरी होते. या फेरीत एकीच्या बढतीची बातमी आली, दक्षिण गोलार्धात राहणाऱ्या दुसरीने नवे घर घेतल्याचे कळवले, तिसरीच्या मुलाला हव्या त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. चौथी मात्र गप्प आहे, कारण तिची आई चार महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहे. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही लिहिलेत, ‘समोरच्या इमारतीवरून आज पहिल्यांदा ऊन आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले.’ त्यावर दोन अंगठे उमटले आणि गप्पा पुढच्या विषयाकडे वळल्या. तुम्हाला ओशाळल्यासारखे झाले. त्यानंतर तुम्ही तीन वेळा मजकूर लिहून खोडलात, आणि आता मला विचारता आहात की ज्या बाईच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडतच नाही, तिने मैत्रिणींना कळवायचे तरी काय?

मी आधी तुमच्या त्या एका वाक्याविषयी बोलणार आहे, कारण माझ्या मते त्या फेरीतली सर्वांत चांगली बातमी तीच होती. आपल्याकडे फोन उचलला की पहिला प्रश्न ‘काय विशेष?’ हाच असतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते, ‘विशेष काही नाही.’ विचारणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते; त्याला आपली ख्यालीखुशालीच हवी असते. पण त्या प्रश्नातला ‘विशेष’ हा शब्द नकळत एक उंबरठा घालून ठेवतो. बढती तो उंबरठा ओलांडते, घर ओलांडते, प्रवेश ओलांडतो. भिंतीवरचे ऊन मात्र बाहेर ताटकळत राहते. वर्षानुवर्षे हाच प्रश्न ऐकून आपण स्वतःच आपल्या दिवसांची छाननी करू लागतो आणि बहुतेक सगळे दिवस त्या छाननीत गळून पडतात. तुमच्या आयुष्यात काही घडत नाही असे मला तुमच्या पत्रावरून मुळीच वाटले नाही. जे घडते ते ‘विशेष’ या शब्दाच्या मापात बसत नाही, एवढेच.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एका निबंधात माणसांच्या अशा बोलण्याकडे लक्ष वेधले, ज्यात माहिती देण्याघेण्याला फारसे महत्त्व नसते. हवापाणी, येणेजाणे, प्रकृतीची विचारपूस, अशा बोलण्याचे काम माणसांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचे असते, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते, पण एवढ्यावर थांबावेसे वाटत नाही. ‘आज हवा छान आहे’ हे वाक्य कुणीही कुणालाही म्हणू शकतो. ‘समोरच्या इमारतीवरून आज पहिल्यांदा ऊन आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले’ हे वाक्य मात्र जगात फक्त तुम्हीच लिहू शकता, कारण ती इमारत, ती भिंत आणि तिथे उभे राहून ते पाहणारी व्यक्ती, तिन्ही तुमच्याच आहेत. ज्या मैत्रिणीने तुमचे घर पाहिलेले नाही, तिच्या डोळ्यांपुढे त्या वाक्याने एक खिडकी उभी केली.

शिवाय ती खरोखरच बातमी होती, आणि वर्षातून एकदाच सांगता येईल अशी. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे डिसेंबरच्या २१-२२ तारखेपासून मार्चच्या २०-२१ तारखेपर्यंत उत्तर गोलार्धात दुपारचा सूर्य तेवढेच अंश वर चढतो. डिसेंबरअखेरीस ही चढण इतकी मंद असते की सूर्य जागच्या जागी खिळल्यासारखा वाटतो, आणि फेब्रुवारी संपता संपता ती इतकी वेगवान होते की आठवड्याच्या अंतराने घरातले ऊन सरकलेले साध्या डोळ्यांना कळते. तुमच्या समोरची इमारत हिवाळाभर त्या खालच्या सूर्याला अडवत होती आणि त्या दिवशी तो तिच्या माथ्यावरून डोकावला. तुम्ही नेमक्या त्याच दिवशी ते पाहिलेत. हे लक्ष असणे म्हणजे रिकामपण नव्हे, आणि त्याची लाज वाटण्याचे तर काहीच कारण नाही.

अशा गोष्टी एकमेकांना कळवण्यावर उतारवयात मैत्री जुळलेली दोन माणसे मला फार जवळची वाटतात. इंग्लंडातल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाचे जमीनदार होते. त्यांनी १७३६ पासून वसंताच्या खुणांची नोंद ठेवायला सुरुवात केली. पहिले फूल कधी उमलले, कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, बेडूक कधी ओरडू लागले, पाकोळ्या कधी परतल्या, असे सगळे ते टिपत. त्यांच्या घराण्याने हा परिपाठ १९५८ पर्यंत चालवला. १७९० साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचा सेलबोर्न गावचे धर्मोपदेशक आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. व्हाइट तेव्हा सत्तरीत होते. झाडांचे घेर, पक्ष्यांची ये-जा, यंदाची थंडी आणि मागची थंडी, हेच त्या पत्रांचे विषय, आणि १७९३ मध्ये व्हाइट यांचा मृत्यू होईपर्यंत ती पत्रे चालू राहिली. मार्शम यांच्या त्या नोंदी आज ऋतुमान कसे बदलत गेले हे अभ्यासणाऱ्यांना उपयोगी पडतात, पण ती नंतरची गोष्ट. दोन वृद्ध माणसांनी एकमेकांना ‘आमच्याकडे पाकोळ्या आल्या, तुमच्याकडे?’ असे विचारावे आणि त्या उत्तराची मनापासून वाट पाहावी, हे मला मैत्रीचे फार सुंदर रूप वाटते.

आता त्या दोन अंगठ्यांविषयी. तुमच्या मनाला लागले ते त्या अंगठ्यांमुळे, बातमी लहान होती म्हणून नव्हे. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपण एखादी चांगली गोष्ट सांगतो तेव्हा समोरचा माणूस कसा प्रतिसाद देतो याचे चार प्रकार केले आहेत. एक माणूस उत्सुकतेने पुढचे विचारतो, दुसरा नुसते ‘छान’ म्हणून थांबतो, तिसरा त्या गोष्टीत उणे काढतो आणि चौथा विषयच बदलतो. यांपैकी उत्सुकतेने पुढचे विचारणाऱ्या पहिल्या प्रतिसादाचाच नात्यातल्या जवळिकीशी आणि समाधानाशी चांगला संबंध आढळला. बिचारे ‘छान’ निरुपद्रवी वाटते, पण ते दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि अंगठा हे त्या ‘छान’चेच चिन्ह आहे. कुणीतरी ‘किती वेळ राहते ग ते ऊन? तू तिथे बसतेस का?’ एवढे विचारले असते, तर तुम्ही हे पत्र मला लिहिलेच नसते.

मात्र तुमच्या मैत्रिणींना दोष देण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा, असे मी तुम्हाला आपुलकीने सुचवते. बढतीच्या बातमीवर तुम्ही स्वतः काय लिहिले होते? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ‘अभिनंदन’ आणि एक फूल, एवढेच असेल, तर तिलाही कदाचित तुमच्यासारखेच वाटले असेल. बढती मिळालेल्या बाईलाही सांगायला बरेच काही असते: नव्या खुर्चीत पहिल्या दिवशी कसे वाटले, कालपर्यंत शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यांशी आता बोलताना काही अवघडलेपण आले का, घरी ही बातमी पहिल्यांदा कुणाला सांगितली. मोठ्या बातमीच्या पोटातही भिंतीवरच्या उन्हासारख्या पुष्कळ लहान गोष्टी दडलेल्या असतात, आणि विचारल्याशिवाय त्या बाहेर येत नाहीत. नव्या घराबद्दल विचारा की सकाळी पहिले ऊन कोणत्या खोलीत येते. तुमची ती मैत्रीण दक्षिण गोलार्धात आहे, म्हणजे तुमच्याकडे पालवी फुटते तेव्हा तिच्याकडे शरद ऋतू लागतो आणि तिचे दिवस आखडत जातात. पण मार्चच्या २०-२१ तारखेच्या सुमारास काही दिवस असे येतात की तिचा दिवस आणि तुमचा दिवस जवळजवळ सारख्याच लांबीचा असतो. त्या दिवसांत तिला फोन करा. बोलायला याहून चांगले निमित्त मला तरी सुचत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला महत्त्वाची वाटते. तुम्ही ते वाक्य पाच जणींच्या समूहात टाकलेत. उत्क्रांतीच्या अंगाने मानवी स्वभावाचा अभ्यास करणारे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मोकळ्या गप्पांचे निरीक्षण मांडले होते. त्यात एका संभाषणात एका वेळी साधारण चारच माणसे टिकतात, पाचवे आले की गप्पांचे दोन तुकडे होऊ लागतात असे दिसले. ते निरीक्षण समोरासमोरच्या बोलण्याचे होते, पण लिखित गप्पांतही सगळ्यांना उद्देशून लिहिलेला मजकूर कुणालाच उद्देशून नसल्यासारखा होतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. प्रत्येकीला वाटते की उत्तर दुसरी कुणी देईल. मोठी बातमी समूहाला जरूर सांगावी, पण लहान बातमीला एकच कान लागतो. ते उन्हाचे वाक्य तुम्ही एकाच मैत्रिणीला, तिचे नाव घेऊन आणि ते तिलाच का सांगावेसे वाटले हे जोडून पाठवले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. ‘वसतिगृहाच्या गच्चीवर परीक्षेच्या दिवसांत आपण उन्हात पाठ शेकत बसायचो, त्याची आठवण झाली’ एवढे जोडले की वाक्याला पत्ता मिळतो.

आपण उगाच कुणाला त्रास देत नाही ना, ही शंका तुमच्या पत्रात तीन ठिकाणी आली आहे. तुमच्यासारख्यांच्या या शंकेवरच पेगी ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ५,९०० हून अधिक लोकांसह केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. बऱ्याच दिवसांत संपर्क नसलेल्या ओळखीच्या माणसाला सहज म्हणून चार ओळी पाठवल्या तर त्याला किती बरे वाटेल, याचा पाठवणाऱ्यांचा अंदाज सातत्याने कमी निघाला. ज्यांना त्या ओळी मिळाल्या त्यांना प्रत्यक्षात बरेच अधिक बरे वाटले होते, आणि तो मजकूर जितका अनपेक्षित तितके त्याचे मोल त्यांना जास्त वाटले. तेव्हा तुम्ही खोडलेले ते तीन मजकूर कदाचित कुणाच्या तरी वाट्याचे होते, असे मला वाटून गेले.

हिवाळ्यात तुमचे बोलणे का आटते याची कारणे तुम्हाला ठाऊकच आहेत: दिवस लहान, कामे अंधारात संपतात, माणूस लवकर आत वळतो. काहींच्या बाबतीत हे एवढ्यावर थांबत नाही. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हिवाळ्यात दर वर्षी परत येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन केले आणि तिचा संबंध कमी झालेल्या प्रकाशाशी जोडला. त्यातल्या बहुतेकांना दिवस वाढू लागले की उतार पडतो. पण म्हणून वसंत आला की सगळीच माणसे खुलतात, असे मात्र मुळीच समजू नका. अनेक देशांच्या नोंदींत आत्महत्यांचे प्रमाण ऐन हिवाळ्यात नव्हे, तर वसंताच्या आसपास वाढलेले दिसते. सगळीकडे बहर आलेला असताना आपण मात्र तसेच आहोत, ही जाणीव एखाद्याला अधिक एकटे पाडत असेल, हे मला समजण्यासारखे वाटते. तुमच्या बातम्यांच्या फेरीत जी गप्प आहे, तिच्याकडे म्हणूनच सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे.

तुम्ही लिहिता की तिच्या घरात एवढे आजारपण असताना आपण उन्हाच्या गोष्टी कशा सांगाव्यात, ते असंवेदनशील दिसेल. इथे मी माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी माझे वडील दीर्घ आजारी होते आणि जवळजवळ सात महिने माझे जग त्यांची खोली, औषधांचा डबा आणि रात्रीची जागरणे एवढ्यापुरते उरले होते. चौकशी करणारे खूप होते आणि त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण प्रत्येकाचा प्रश्न एकच असे, ‘बाबांची तब्येत कशी आहे?’ आणि दिवसातून चार वेळा तेच उत्तर देताना आजार चार वेळा नव्याने सांगावा लागे. एक मैत्रीण मात्र वेगळी होती. तिच्या गॅलरीतल्या कुंडीत एक वाळलेले रोप होते, मेले असे समजून तिने ते टाकायला काढले होते. जानेवारीअखेरीस तिने मला कळवले की नखाने खरवडून पाहिले तर खोड आतून हिरवे आहे. मग दर तीन-चार दिवसांनी त्या खोडाची हकीकत येत राहिली. डावीकडे एक डोळा सुजल्यासारखा दिसतो आहे. आज त्याचे टोक लालसर आहे. आज पहिले पान उलगडले, पण अजून चुरगळलेले आहे, अंगठ्याच्या नखाएवढे. प्रत्येक मजकुराच्या शेवटी ती एकच ओळ लिहीत असे, ‘उत्तर देऊ नकोस, फक्त सांगितले.’ मी खरोखरच बहुतेक वेळा उत्तर दिले नाही. पण पहाटे तीन वाजता बाबांना औषध देऊन झाले की मी फोन उघडून ते पान आता केवढे झाले असेल, याचा विचार करत बसायची. बाबा गेल्यानंतर तिला भेटले तेव्हा आधी ती कुंडी पाहायला मागितली.

म्हणून तुमच्या या मैत्रिणीला तुमचे ऊन सांगा. आईची चौकशी आधी करा, ती टाळू नका. पण तिच्यावरच थांबू नका. उत्तराचे ओझे तिच्यावर टाकू नका. आणि एखादा मजकूर पाठवून थांबण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांनी लिहीत राहा, कारण आजारपणाच्या घरात बाहेरचे जग पुढे सरकते आहे हे कळायला एकच खिडकी पुरते, ती फक्त उघडी राहावी लागते. तिच्या बोलण्यात निराशा खोल उतरली आहे असे जाणवले, तर मात्र लहान बातम्यांवर भिस्त ठेवू नका. तिला स्पष्ट विचारा, शक्य असेल तर प्रत्यक्ष जा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यायला तिला सोबत करा.

काय लिहावे, हा तुमचा मूळ प्रश्न राहिला. ‘विशेष काही नाही’ असे लिहायला माझी हरकत नाही, फक्त तिथे पूर्णविराम देऊ नका. पुढे आणखी एक वाक्य लिहा आणि ते वाक्य डोळ्यांनी पाहिलेल्या किंवा हाताने केलेल्या एखाद्या गोष्टीचे असू द्या. जाड पांघरुणे धुऊन कपाटात ठेवली आणि रात्री पुन्हा गारठा पडला. लोकरीच्या कोटाच्या खिशात मागच्या हिवाळ्यातले तिकीट सापडले. संध्याकाळी कामावरून परतताना रस्त्यावरचे दिवे अजून लागलेले नव्हते. ‘दिवस मजेत चालले आहेत’ या वाक्याने काहीच दिसत नाही. त्या न लागलेल्या दिव्यांनी तुमची पूर्ण संध्याकाळ दिसते. शुभेच्छांची तयार चित्रे पुढे ढकलण्याविषयी तुम्ही विचारले आहे. मी ती पाठवत नाही आणि तुम्हीही पाठवू नयेत असे माझे मत आहे, कारण त्यांत तुम्ही कुठेच नसता.

आणि या ओळी वाया जातात असे मानू नका. टिंग झँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला अलीकडचा एखादा संवाद, ऐकत असलेली गाणी, नुकताच झालेला एखादा प्रसंग अशा साध्या गोष्टी नोंदवून ठेवल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या पुन्हा वाचताना, आधी वाटले होते त्यापेक्षा त्यांना त्या कितीतरी अधिक रोचक वाटल्या. मोठे प्रसंग आपल्याला आठवतातच. साधे दिवस मात्र कुणीतरी लिहून ठेवले तरच हाती लागतात. तुमच्या पाच जणींच्या जुन्या मजकुरांत शोधलेत तर मागच्या वर्षी याच सुमारास कोण काय करत होते हे सापडेल, आणि त्यातली एखादी ओळ जशीच्या तशी त्या मैत्रिणीला परत पाठवता येईल.

तुमचे पत्र मला पोहोचेपर्यंत दोन आठवडे गेले आहेत, म्हणजे भिंतीवरचे ते ऊन आता पहिल्या दिवसाच्या जागी नसणार. उद्या दुपारी ते कुठवर आले आहे, फडताळापर्यंत की ओट्यापर्यंत, आणि किती वाजता निघून जाते, ते नीट पाहून घ्या. मग तेवढेच लिहून, बाकी तिघींच्या आधी, जी गप्प आहे तिला पाठवा.

तुमची,
सदरलेखिका